टिकली लावलेला पंप

आमच्या सोसायटीचा पंप भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीतल्या कुठल्याही सोसायटीच्या पंपासारखाच आहे. तळमजल्यावर जिन्यामागे एक खोली, जमिनीखाली पाण्याची टाकी, गच्चीवर दुसरी टाकी आणि दोन्हींच्या मध्ये तो. महापालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी खालच्या टाकीत येतं, पंप ते वर चढवतो. शेजारी आणखी एक पंप आहे, पण तो केव्हाच बंद पडला आणि त्याचे भाग एकेक करून पहिल्याला लागले. म्हणजे पाण्याची सगळी भिस्त एकट्या पंपावर. हे सगळ्यांना माहीत होतं. कुणी त्याबद्दल बोलत नसे.

माझी बायको सेक्रेटरी झाल्यावर तिने त्याबद्दल बोलायला सुरुवात केली.

ती शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाली तेव्हा पुण्याला असलेल्या मुलीने फोनवर विचारलं, "आई, बांगड्या करूया का तुला?" ती म्हणाली, "बांगड्या आहेत. मला तो उष्णता दिसणारा कॅमेरा घे." मुलीला वाटलं, आई थट्टा करतेय. आई थट्टा करत नव्हती. असा कॅमेरा फोनला जोडता येतो आणि साध्या फोनच्या किमतीत मिळतो, हे तिने कुठेतरी वाचून ठेवलं होतं.

मी आयुष्यभर वृत्तपत्राच्या डेस्कवर काम केलं. उष्णता टिपणारे कॅमेरे माझ्यापर्यंत यायचे ते आगीच्या आणि सीमेवरच्या बातम्यांतून. ती अग्निशमन दलाची आणि सैन्याची वस्तू, अशी माझी समजूत. पार्सलमधून निघाला तो काडेपेटीएवढा चौकोन. फोन चार्ज करायच्या खाचेत तो खोचला की पडद्यावर घर दिसायचं, पण रंग वेगळे. गरम ते पिवळं, फार गरम ते पांढरं, थंड ते जांभळं आणि काळं.

"अहो, भिंतीला हात लावा," पहिल्या दिवशी ती म्हणाली. "दाबून धरा. आता काढा."

मी हात काढला. पडद्यावर भिंतीवर माझा पंजा तसाच होता, पिवळा, बोटांसकट. हळूहळू विरत गेला.

"बघा. तुम्ही निघून गेलात तरी तुमचा हात मागे आहे."

"ऐकायला जरा अशुभ वाटतं."

"शास्त्राला शुभ-अशुभ नसतं. चहा ठेवताय का?"

पहिल्या आठवड्यात घरातलं काहीही तिच्या नजरेतून सुटलं नाही. फ्रिजच्या दाराचं रबर एका कोपऱ्यात सैल होतं, तिथून थंडी बाहेर गळत होती. गीझरचं बटण पडद्यावर निखाऱ्यासारखं दिसलं. इलेक्ट्रिशियनने ते उघडलं तेव्हा आतलं प्लास्टिक तपकिरी झालेलं होतं. त्याने ते दाखवलं आणि म्हणाला, "चांगलं झालं काकू, वेळेवर बोलावलंत." ही बातमी जिन्यावरून खाली गेली आणि दुसऱ्या दिवसापासून बेल वाजू लागली. "आंटी, जरा हमारा भी देख लो ना." ती फोन घेऊन घरोघरी जायची. कुणाची इस्त्रीची पिन, कुणाच्या इन्व्हर्टरची वायर. परत आल्यावर मला थोडक्यात अहवाल द्यायची, मी तो ऐकायचो. डेस्कवर बातमीदार परत आल्यावर ऐकत असे, तसाच.

त्या वर्षी सोसायटीची निवडणूक आली आणि नेहमीप्रमाणे सेक्रेटरीपदासाठी कुणीच उभं राहिना. तिने हात वर केला. सोसायटीत सेक्रेटरी झालेली ती पहिली बाई. चेअरमन आमचे शेठ, भाईंदर पूर्वेला त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "टीचर, अब सबको बेंच पे खडा मत करना." आधीचे सेक्रेटरी पहिल्या मजल्यावरचे साहेब. बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे आमच्यासारखेच परळचे. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, पण बसल्या बसल्या.

नवरात्रात एका दुपारी ती पंपाच्या खोलीत उतरली. पंप चालू होता. तिने फोन धरला आणि मला हाक मारली.

पंप आणि मोटर यांच्यामध्ये एक दांडा फिरतो. तो दांडा ज्यावर टेकतो ते बेअरिंग एका लोखंडी घरट्यात बसवलेलं असतं. कुणाचा हात किंवा पदर अडकू नये म्हणून त्याभोवती मोठ्या भोकांची जाळी. त्या भोकांतून पडद्यावर घरटं दिसत होतं. मोटर पिवळी, पंप जांभळा, आणि मध्ये ते घरटं पांढरं.

"मोटर गरम असते, ते ठीक," ती म्हणाली. "पण बेअरिंग मोटरीपेक्षा गरम कसं? तिथे काहीतरी घासतंय."

तिने फोटो काढून ठेवला. मी कान लावून पाहिलं. मला पंपाचा आवाज नेहमीसारखाच वाटला. पण मला कुठल्याही पंपाचा आवाज नेहमीसारखाच वाटतो, त्यामुळे त्याला पुरावा म्हणता येत नव्हतं.

कमिटीच्या बैठकीत तिने विषय काढला. पंप खोलायला हवा. त्यासाठी एक दिवस पाणी बंद ठेवावं लागेल. आत्ता खोलला तर एक दिवस जाईल. नाही खोलला आणि दिवाळीत दांडा अडकला, तर घरोघरी पाहुणे आलेले असताना टँकरच्या मागे धावावं लागेल.

साहेबांच्या कारकिर्दीतच पंपाची दुरुस्ती झाली होती. ते म्हणाले, "माझ्या हातून सगळं नवं बसलंय. अहो मॅडम, पंपाला कधी ताप येतो का? थर्मामीटर लावलात का?"

"लावला," ती म्हणाली. "फोटो आहे."

"फोटोत काय, आमची सून फोटोत सिनेमातली दिसते."

सगळे हसले. शेठही हसले, पण त्यांनी फोटो नीट पाहिला. "फोटो से मेरे को समझता नहीं. सामने दिखाओ, टीचर. दसरा होऊ दे, मग रविवारी सगळे खाली जाऊ."

"दाखवते," ती म्हणाली. आणि मग, कुणी विचारलं नसताना, "माझं चुकलं असेल तर मी सेक्रेटरीपद सोडते. साहेबांनी परत घ्यावं."

घरी येताना जिन्यात मी म्हणालो, "पद सोडायचं बोलायची काय गरज होती?"

"तुम्ही छापलेली बातमी चुकली तर खुलासा द्यायचात ना? तसंच आहे."

"आम्ही खुलासा द्यायचो. राजीनामा नाही द्यायचो."

"मग तुमच्याकडे निभावून गेलं."

मधल्या दिवसांत दसरा आला. आमच्या सोसायटीत दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. लिफ्टची मोटर, मीटरची खोली, पंप, गेटजवळची सायकल, ज्याच्या त्याच्या गाड्या. पूजेच्या आधी पंपाला चांदीचा रंग लावायची पद्धत आहे. म्हणजे तो ॲल्युमिनियमचा रुपेरी रंग, गेटला आणि ग्रिलला लावतात तो. पूर्वीच्या सेक्रेटरींनी कधी लावला, कधी टाळला. ही पहिल्यांदाच सेक्रेटरी झाली होती, ती टाळणार नव्हती. तिने खोली धुऊन घेतली, पंप बंद ठेवला, जाळी काढायला लावली आणि रंगाऱ्याकडून पंप, मोटर आणि बेअरिंगचं घरटं, सगळं रुपेरी करून घेतलं. रंग सुकल्यावर झेंडूची माळ आली. तिने अनामिकेने मोटरीला, पंपाला आणि मधल्या घरट्याला ओली हळद आणि कुंकू लावलं. नारळ फुटला. जाळी परत बसली. पंप इतका देखणा मी आधी पाहिला नव्हता. शेठ म्हणाले, "पंप नहीं, दुल्हा लगता है."

रविवारी सगळे खाली उतरले. खोली छोटी, काही लोक दारातच थांबले. पंप बराच वेळ चालू ठेवलेला होता. तिने कॅमेरा खोचला आणि फोन शेठच्या हातात दिला, म्हणजे तिने काही हातचलाखी केली असं कुणाला वाटू नये.

पडद्यावर पंप जांभळा होता. मोटर जांभळट. मधलं घरटं फिकट नारिंगी, साधं कोमट.

"कहां है पांढरा?" शेठनी विचारलं.

तिने फोन घेतला, कॅमेरा काढून परत खोचला, जवळ गेली, बाजूने पाहिलं. तेच.

साहेब पुढे झाले आणि त्यांनी मोटरीच्या अंगावर हात ठेवला. "गरम आहे. सगळ्या मोटरी गरम असतात." मग तो हात कपाळाला लावला. "देवी पावली. पंपाचा ताप उतरला."

दारातून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, पंपाला क्रोसीन दिली का?"

तिने जाळीच्या आतल्या भागाकडे बोट दाखवलं. तिथे हात घालायची सोय नव्हती. दांडा फिरत होता. पंप बंद करून हात लावा, असं मी सुचवू शकलो असतो. पण नुसता हात 'गरम' एवढंच सांगतो, किती गरम ते सांगत नाही, आणि गरम असतं याबद्दल साहेबांचा आणि तिचा वाद नव्हताच. तिने आणखी एक फोटो काढला आणि फोन पर्समध्ये ठेवला.

"पुढच्या बैठकीत बोलू," शेठ म्हणाले. ते चांगले गृहस्थ आहेत. पदाचं त्यांनी काढलं नाही. साहेबांनी काढलं. जिन्यात, हळू आवाजात, पण आम्हाला ऐकू येईल इतकं: "चाव्या कधी घ्यायला येऊ?"

घरी आल्यावर ती खुर्चीत बसली, दोन्ही फोटो शेजारी शेजारी उघडून. मी चहा केला. तिने कप हातात घेतला नाही. डेस्कवर दोन बातमीदारांच्या बातम्या जुळल्या नाहीत की आम्ही एकच प्रश्न विचारायचो. तो मी विचारला.

"पहिला फोटो आणि आजचा फोटो. मध्ये काय घडलं?"

"काही नाही. तोच पंप, तीच खोली, तोच कॅमेरा." मग ती थांबली. "दसरा."

तिने आजचा फोटो बोटांनी मोठा केला. फिकट नारिंगी घरट्यावर दोन बारीक ठिपके होते, पांढरे. मला वाटलं, पडद्यातला दोष असेल. तिने अनामिका उचलून हवेत दोनदा टेकवली, हळद लावावी तशी, मग कुंकू लावावं तशी.

"अहो, हे मी लावलेलं बोट आहे."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. स्टीलचं सगळ्यात चकचकीत पातेलं घेतलं, त्यात चहाचं उरलेलं आधण ओतलं, वर कडेपर्यंत उकळतं पाणी घातलं आणि कॅमेरा धरला. पातेलं पडद्यावर जांभळं. बाहेरून धुतल्यासारखं थंड. आणि त्याच्या पोटावर एक पिवळी गोल आकृती हलत होती. तिने मान वाकडी केली, आकृतीने मान वाकडी केली.

"मीच आहे ही," ती म्हणाली. "पातेलं स्वतःची उष्णता दाखवतच नाही. समोरच्याची दाखवतं. आरसा."

मग तिने कपाळावरची टिकली काढली आणि पातेल्याला चिकटवली.

मखमली टिकली, मरून रंगाची, नेहमीची. पडद्यावर जांभळ्या पातेल्यावर एक पांढरा ठिपका उमटला. पाण्याइतका गरम.

"आठवीच्या मुलांना दरवर्षी शिकवलं," ती म्हणाली. "दोन डबे. एक काजळी धरलेला, एक चकचकीत. दोन्हींत गरम पाणी. काळा डबा उष्णता बाहेर टाकतो, चकचकीत डबा धरून ठेवतो. दरवर्षी. आणि मीच पंपाला चांदीचा रंग दिला."

मी विचारलं, "नवरात्रात दिसलं ते?"

"तेव्हा तो गंजलेला होता. तेलकट, काळपट, धूळ बसलेला. घाण होता म्हणून खरं दिसलं. मी त्याला नटवलं आणि त्याचं दुखणं झाकलं." आता ती हसत होती. "हळद-कुंकवाने मात्र चुगली केली."

तिने चहा घेतला, तो गार झालेला होता. तो कॅमेऱ्यात कसा दिसतो हेही तिने पाहिलं.

पुढच्या बैठकीआधी तिने शेठना फोन करून एकच वस्तू मागितली. तुमच्या दुकानातलं सगळ्यात चांगलं पातेलं आणा, आरशासारखं. शेठना वाटलं, बैठकीला जेवण आहे. ते नवंकोरं पातेलं घेऊन आले, कागदात गुंडाळलेलं.

बैठक तिने पंपाच्या खोलीसमोरच्या मोकळ्या जागेत घेतली. टेबलावर पातेलं ठेवलं आणि त्यात थर्मासमधलं उकळतं पाणी ओतलं. फोन शेठच्या हातात दिला.

"काय दिसतं, शेठ?"

"थंडा है. एकदम ब्लू."

"आणि मध्ये?"

शेठ वाकले. पडद्यावरची पिवळी आकृतीही वाकली. त्यांनी गाल खाजवला, आकृतीनेही खाजवला.

"आ तो हूं छूं! हा तर मीच!" ते ओरडले. मोठ्या आवाजात बोलताना ते गुजरातीवर जातात.

"तुमचा माल इतका चकचकीत आहे शेठ, की उष्णतेलाही त्यात आपलं तोंड दिसतं. आता हात लावा."

शेठनी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "अरे बाप रे! थंडा दिखता है और जलाता है!"

"तसाच आपला पंप आहे," ती म्हणाली. "मीच त्याला चांदी लावली, चूक माझी. पण पद सोडण्याइतकी चूक आहे का, ते आता बघा."

तिने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. एक टिकली पातेल्याला लावली आणि फोनकडे बघायला सांगितलं. ठिपका पांढरा झाला. मग साहेब बोलले.

"मॅडम, पंपाला टिकली लावणार? लोक काय म्हणतील?"

"दसऱ्याला कुंकू लावलं तेव्हा तुम्हीच नमस्कार केलात, साहेब. टिकली म्हणजे तेच, फक्त सांडत नाही."

यावेळी हसणारे साहेबांच्या बाजूचे नव्हते. साहेब स्वतःही हसले, थोडे उशिरा.

पंप बंद केला. वॉचमनने जाळी काढली. तिने मोटरीला एक, पंपाला एक आणि मधल्या घरट्याला एक टिकली लावली, आधी पदराने जागा पुसून. जाळी लागली, पंप सुरू झाला. सगळे तिथेच उभे राहिले. वर टाकीत पाणी पडायला लागल्याचा आवाज पाइपातून येत होता. हळूहळू मोटरीवरची टिकली पिवळी झाली. पंपावरची जांभळीच राहिली. मधली नारिंगी झाली, मग पिवळी, मग मोटरीच्याही पुढे गेली आणि पांढरी झाली. त्याच घरट्याचा बाकीचा रुपेरी भाग पडद्यावर शांत, कोमट.

शेठनी फोन साहेबांकडे दिला. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. पडद्याकडे पाहिलं, मग जाळीतून खऱ्या टिकलीकडे, परत पडद्याकडे.

"मेकॅनिकला बोलवा," ते म्हणाले. ठराव तेवढाच होता. तो साहेबांनी मांडला, हे मी नोंदवून ठेवतो, कारण ते सोपं नव्हतं.

मेकॅनिक पेणकरपाड्याहून आला. आगरी माणूस, बोलणं मोजकं. त्याने दांडा सोडवला, बेअरिंग बाहेर काढलं आणि हातात फिरवलं. ते फिरताना वाळू चावल्यासारखा आवाज झाला. आतलं ग्रीस जळून काळं, कडक झालेलं. गोळ्यांवर खड्डे.

"दिवाली नाय काढली असती यानं," तो म्हणाला. मग घरट्यावरची टिकली पाहून, "ही कोनी लावली?"

"मी," ती म्हणाली.

"नजर लागू नये म्हनून?"

"नाही. नजरेला दिसावं म्हणून."

त्याने मान हलवली आणि टिकली न काढता नवं बेअरिंग बसवलं. ती म्हणाली, काढली तरी चालेल, दुसरी लावू. तो म्हणाला, "राहू द्या. हितं हात लावायचा, हे बी कळतं." पंपवाल्याला खूण हवीच असते.

पाणी एक दिवस बंद राहिलं. तिने आदल्या दिवशीच फलकावर सूचना लावली होती, तिचा मसुदा मी केला होता. तिने त्यातले दोन शब्द खोडून दिले. माझं निवृत्तीनंतरचं ते एकमेव संपादन, आणि तेही तिनेच केलं.

दिवाळीत नळाला पाणी होतं. पहिल्या मजल्यावर साहेबांकडे परळहून बरेच पाहुणे आले होते. पाडव्याच्या सकाळी साहेबांच्या मिसेस फराळाचं ताट घेऊन वर आल्या. त्या म्हणाल्या, "ह्यांनी सांगितलंय, सेक्रेटरींना आधी द्या." तिने ताट घेतलं, त्यातली एक चकली मोडून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "घ्या. चाव्या काही मागितल्या नाहीत."

त्यानंतर तिने आणखी एक गोष्ट केली. कॅमेरा घेऊन रोज खाली जाणं तिला पटेना. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून तिने उष्णता मोजणारा एक नखाएवढा सेन्सर आणि एक छोटं सर्किट बोर्ड आणलं. जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंगचा वास काही दिवस राहिला, वरण-भाताबरोबर. या सेन्सरचं चित्र फोनच्या कॅमेऱ्यासारखं नीट नसतं. मोठमोठे चौकोन दिसतात, वेगवेगळ्या रंगांच्या तुकड्यांची गोधडी शिवल्यासारखे. पण त्याला एकच गोष्ट बघायची होती. तो जाळीच्या बाहेर, टिकलीच्या बरोबर समोर बसवला आहे, लोणच्याच्या रिकाम्या डब्यात. टिकली ठरलेल्यापेक्षा तापली की तिच्या फोनवर संदेश येतो. पहिला संदेश खोटा होता. एक मांजर डब्यासमोर येऊन बसलं होतं. तिने डब्याला पुठ्ठ्याची नळी लावली, म्हणजे टिकलीशिवाय दुसरं काही दिसू नये.

आता दसऱ्याला पंपाला चांदीचा रंग लागतो, कारण रंग लावायची पद्धत आहे आणि ती मोडायची तिची इच्छा नाही. पण रंग सुकला की आधी टिकली लागते, मग हळद-कुंकू. लिफ्टच्या मोटरीलाही एक असते. मेन स्विचला ती फक्त इलेक्ट्रिशियनकडून, वीज बंद असताना आणि झाकणाच्या बाहेरूनच लावून घेते. या बाबतीत ती कुणाचं ऐकत नाही. टिकल्यांचं पाकीट सोसायटीच्या खर्चातून घ्यायचं का, हा विषय शेठनी गंमतीने अजेंड्यावर घेतला. तिने तो फेटाळला. स्वतःच्या पाकिटातल्या देते, म्हणाली.

परवा सकाळी मी गेटवर होतो. एक गृहस्थ स्कूटरवरून उतरले. बेव्हर्ली पार्कमधल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी, असं त्यांनी सांगितलं. त्यांचा पंप आवाज करत होता आणि कुणीतरी त्यांना इकडे पाठवलं होतं.

"त्या टिकलीवाल्या मॅडम कुठे राहतात?" त्यांनी वॉचमनला विचारलं.

वॉचमनने माझ्याकडे बोट केलं. "हे त्यांचेच मिस्टर."

या इमारतीत आम्ही राहायला आल्यापासून मी 'पेपरवाले साहेब' होतो. डेस्कवर माणसाच्या नावापुढे काय लिहायचं याला फार जपायचो आम्ही. हुद्दा चुकला तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती द्यावी लागे. वॉचमनच्या वाक्यात मला दुरुस्तीला जागा दिसली नाही.

"या," मी म्हणालो. "त्या पंपाच्या खोलीत आहेत."

पंप चालू होता. ती जाळीसमोर उभी होती, फोन हातात, चष्मा नाकावर घसरलेला. पडद्यावर मधली टिकली मोटरीपेक्षा थंड, नारिंगी. निरोगी बेअरिंगचा तोच रंग असतो, हे आता मलाही ठाऊक आहे.

"पाहुणे आलेत," मी म्हणालो.

"आलेच," ती म्हणाली, पण वळली नाही. "अहो, आधी हे बघा. किती छान चाललाय."